सरकार दारात येतं तेव्हा : मदनपुरा १८९८, मालेगाव २०२०

एप्रिल २०२० मध्ये मी आमच्याच गल्लीत दारोदार हिंडले. हातात रजिस्टर, गळ्यात ओळखपत्र आणि ताप मोजायचं ते पिस्तुलासारखं यंत्र. मी मालेगावात एका उर्दू शाळेत मराठी शिकवते. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला, आणि मग आम्हा शिक्षकांच्या नावाने घरोघर पाहणीचे आदेश निघाले. घरात माणसं किती, कोणाला ताप, खोकला, दम, बाहेरगावाहून कोण आलं. रकाने मराठीत, उत्तरं उर्दूत आणि मधे मी.

पहिल्याच दिवशी शेजारच्या चाचीचं दार आलं. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत आहे. माझी दोन्ही मुलं तिच्या ओसरीवर रांगायला शिकली. तिने दार उघडलं, गळ्यातलं कार्ड पाहिलं आणि उघडलेलं दार अर्धं लोटून घेतलं.

‘बेटा, तू भी?’

मी हसून काहीतरी बोलले. पण ते ‘तू भी’ माझ्या मनातून गेलं नाही. त्या उन्हाळ्यात रात्री झोप लागेना तेव्हा मी प्लेगच्या काळाबद्दल मिळेल ते वाचत बसले, ते त्यामुळेच.

लोक दार का लोटून घेत होते, हे बाहेर बसून टीव्ही पाहणाऱ्यांना कळणं अवघड होतं. आदल्या दोन-तीन महिन्यांत मालेगावात एनआरसीच्या विरोधात मोठे मोर्चे निघाले होते. घराघरात लोकांनी जन्माचे दाखले, आजोबांची रेशनकार्डं, जुन्या घरपट्टीच्या पावत्या शोधून प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या होत्या. त्याच दारांवर आता कोणीतरी वही घेऊन येतं आणि घरातल्या माणसांची नावं विचारतं. तापाच्या यंत्रापेक्षा लोकांना वहीची भीती जास्त होती. त्यातच एप्रिलच्या सुरुवातीला टीव्हीवर रात्रंदिवस तबलीगींचा विषय सुरू झाला. परदेशी तबलीगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० ला रद्द केले आणि माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावर कडक ताशेरे ओढले. पण एप्रिलमध्ये ऑगस्टचा निकाल कोणाला ठाऊक होता? तेव्हा आमच्या गल्लीतून पूल ओलांडून मोसम नदीच्या पलीकडे भाजी विकायला जाणाऱ्या पोराला नाव विचारून परत पाठवलं जात होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले. मग बांबू आणि पत्रे ठोकून गल्ल्या बंद झाल्या. ‘प्रतिबंधित क्षेत्र’, ‘विलगीकरण’, ‘अलगीकरण’, ‘संस्थात्मक अलगीकरण’. मी मराठीची शिक्षिका, तरी यातल्या दोन शब्दांतला फरक मला दोनदा वाचून समजला. मोहल्ल्यात या सगळ्यांसाठी एकच शब्द रुजला, ‘कोरंटीन’. ‘उसको कोरंटीन में ले गए’ म्हणजे माणूस गेला, आता येतो की नाही देव जाणे.

हा शब्द मुळात चाळीस दिवसांचा आहे. इटालियन भाषेत चाळीसला क्वारांता म्हणतात. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा शहराने, म्हणजे आजच्या दुब्रोवनिकने, १३७७ मध्ये साथीच्या भागातून आलेल्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. पुढे तीसाचे चाळीस झाले आणि नाव चाळीसचंच राहिलं. चाळीस दिवसांना आमच्याकडे ‘चिल्ला’ म्हणतात. बाळंतिणीचा चिल्ला असतो, सूफींचा चिल्ला असतो, जमातीत जाणाऱ्यांचा चिल्ला असतो. मी चाचीला सांगितलं की कोरंटीन म्हणजे चिल्लाच. ती म्हणाली, बाळंतिणीच्या चिल्ल्यात माय जवळ असते.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता प्लेगकडे जाऊ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ही साथ गाठीच्या प्लेगची असल्याचं ओळखलं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा आला. २०२० मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी नोटीस चिकटवली होती, तिच्यात ‘१८९७’ हा आकडा होता तो याच कायद्याचा. त्या नोटिसीवर पोरं बोट ठेवून विचारायची, ‘टीचर, ये गलती से छपा है क्या?’ चुकून नव्हतं छापलं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा, दोन-चार कलमांचा कायदा होता. सरकारला वाटेल ते उपाय करण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टापासून संरक्षण.

त्या कायद्याच्या जोरावर मुंबईत जनरल गॅटेकर यांच्या प्लेग समितीने आणि पुण्यात रँडसाहेबाने घरं तपासायला सुरुवात केली. शोधपथकं घरात शिरायची. रोग्याला इस्पितळात, घरच्यांना छावणीत. सामान जाळायचं, भिंतींना चुना लावायचा, ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढायची. राहायला नालायक ठरवलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवायची. पुण्याची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. गोऱ्या सोजिरांचं स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणं, बायकांची तपासणी, लोकांचा संताप आणि २२ जून १८९७ ला चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या. त्यावर सिनेमाही निघाला. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या, हेही आता शाळांत शिकवलं जातं. मी स्वतः दर वर्षी शिकवते.

मदनपुऱ्याची गोष्ट मात्र मी शाळेत कधी शिकले नव्हते, बी.एड.लाही नाही. ती वाचली तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती.

९ मार्च १८९८. मुंबईत रिपन रोडच्या बाजूला, मदनपुऱ्याच्या भागात जुलाह्यांची, म्हणजे मुसलमान विणकरांची वस्ती होती. तिथे शोधपथक पोचलं. एका घरात बारा वर्षांची मुलगी आजारी होती. प्लेगचा संशय होता. घरच्यांनी तिला हात लावू दिला नाही. गर्दी जमली, दगड आले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दंगल शहराच्या इतर भागांतही पसरली. दोन्ही बाजूंची माणसं मेली. पुढे त्या मुलीचं काय झालं ते मी वाचलेल्या पुस्तकांत नाही. दंगल तिच्यावरून सुरू होते आणि मग ती त्यातून नाहीशी होते.

हे विणकर म्हणजे परके कोणी नव्हेत. अठराशे सत्तावन्ननंतर आणि पुढच्या दुष्काळांत आझमगड, मऊ, बनारस, इलाहाबाद या बाजूंचे मोमीन विणकर हातमाग सोडून दक्षिणेकडे निघाले, ते बुऱ्हाणपूर, मालेगाव, भिवंडी आणि मुंबईत मदनपुरा इथे वसले. आमच्या अम्मीच्या माहेरची अर्धी माणसं अजून मदनपुऱ्यात आहेत. लग्नाचे रोखे तिथून येतात. ती मुलगी आमच्याच कोणाची तरी असणार, असं मला उगाच वाटत राहतं.

इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं की हे लोक अडाणी, धर्मवेडे, उपचाराला विरोध करणारे. पण उपचारालाच विरोध होता असं म्हणता येत नाही. डॉ. हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तरुण आगाखान तेव्हा विशीतही नव्हते. त्यांनी हाफकिन यांना कामासाठी आपली खुश्रू लॉज ही इमारत दिली आणि लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली. ते पाहून खोजा जमातीतल्या पुष्कळांनी घेतली. मुंबईत जैन, भाटिये, मुसलमान अशा वेगवेगळ्या जमातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली आणि सरकारी इस्पितळात जायला न धजणारे लोक तिथे जाऊ लागले. औषध तेच होतं, किंवा औषध नव्हतंच म्हणा. पण खाटेशेजारी ओळखीचं माणूस होतं. मदनपुऱ्याच्या दंगलीनंतर सरकारनेही सक्ती सैल केली आणि स्थानिक माणसांना बरोबर घेऊन काम करायला सुरुवात केली.

त्यांनाही हे चाळीसेक माणसं मेल्यावर कळलं की शंभर, ते मोजत बसण्यात अर्थ नाही. मला ते वाचताना माझं ओळखपत्र आठवत होतं. मी ‘ओळखीचं माणूस’ होते की शोधपथक? आदेश काढणाऱ्याने बहुधा विचारही केला नसेल, पण त्याने गल्लीतल्या शिक्षिकेला तिच्याच गल्लीत पाठवलं, हे १८९८ च्या मानाने शहाणपणाचं होतं. आणि त्यातच माझी पंचाईत होती.

‘घरात रहा’ हा हुकूम आमच्याकडे कसा लागू झाला ते सांगते. मालेगाव म्हणजे लूमचं गाव. कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या. एका खोलीच्या घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका, सहा-सात पोरं, म्हातारी माणसं राहतात, कारण एक भाऊ दिवसपाळीला असतो तेव्हा दुसरा झोपलेला असतो आणि आठवड्याने पाळी बदलते. घराच्या जागेचा हिशेब लूमच्या खडखडाटावर बसवलेला. २५ मार्चला लूम बंद झाले आणि सगळे पुरुष एकाच वेळी घरी आले. निजायला जागा नाही. आयुष्यात प्रथमच शहरात शांतता पसरली आणि लहान पोरांना त्या शांततेत झोप येईना, हे मी माझ्या घरात पाहिलं. बायका दुपारी कांड्या भरायच्या, ते काम गेलं, आठवड्याचा पगार गेला आणि वर नवऱ्याच्या हातात दिवसभर मोबाईल. पुरुष ओट्यावर, चौकात, चहाच्या टपरीवर दिवस काढणारे. पोलिसांची शिट्टी वाजली की एका दारातून आत, गाडी गेली की दुसऱ्या दारातून बाहेर. पेपरवाल्यांनी लिहिलं, मालेगावकर शिस्त पाळत नाहीत. लिहिणाऱ्याच्या घरात खोल्या किती होत्या कोण जाणे.

बायकांना घरात राहणं नवं नव्हतं. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस इद्दतीत उंबरा न ओलांडता काढणाऱ्या बायका प्रत्येक गल्लीत आहेत. पुरुषांना ते नवं होतं. माझी सासू एकदा अब्बांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणाली, ‘इक्कीस दिन में थक गए?’

चाचा, म्हणजे चाचीचा नवरा, लूमवरून निवृत्त झालेला. साखरेचा आजार, दमाही जुना. चाचीच्या दारात मी पहिल्या दिवशी उभी होते तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला. चाचीने माझ्याकडे पाहिलं. ‘पुराना दमा है, तुझे तो मालूम.’ मला माहीत होतं. कपाळाला यंत्र लावलं तर ताप थोडा होता. ऊन होतं, पत्र्याचं घर होतं. लिहिलं असतं तर गाडी आली असती. चाचाला एका कॉलेजच्या इमारतीत नेलं असतं, चाचीला आणि दोन नातवांना दुसरीकडे आणि गल्लीला पत्रे लागले असते. आणि सगळ्यांना कळलं असतं की नाव कोणी लिहिलं.

मी ‘ताप’च्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं.

रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदी बंद. मौलानांनी भोंग्यावरून हजरत उमर यांची हकीकत सांगितली. सीरियाच्या बाजूला अमवासचा ताऊन पसरला होता, तेव्हा ते वाटेत सर्ग इथूनच माघारी फिरले होते. हे साथीच्या गावात न जाण्याचं आणि तिथून न निघण्याचं चौदाशे वर्षांपूर्वीचं मार्गदर्शन. लोकांनी ऐकलं. सरकारी जीप तेच सांगत फिरत होती तेव्हा जेवढं ऐकलं त्याहून जास्त ऐकलं. तरावीह घरी सुरू झाली. आमच्या घरात दिराचा तेरा वर्षांचा हाफिज मुलगा इमाम, मागे त्याचे अब्बा, काका, आजोबा आणि त्यांच्या मागे स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून आम्ही बायका. एरवी तरावीहच्या वेळी आम्ही सहरीसाठी पीठ मळत असतो. त्या वर्षी माझ्या सासूने साठ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा जमातीने पूर्ण कुराण ऐकलं. भिंतीपलीकडून चाचीही ऐकायची. दोन दिवस पोरगं हळू वाचत होतं, तर तिने भिंतीवर टकटक केली, जोरात वाच म्हणून.

तिसऱ्या-चौथ्या रोजाला चाचाचा दम वाढला. रात्री दहाच्या सुमारास आम्ही त्याला रिक्षात घालून निघालो. एका खाजगी दवाखान्याला कुलूप. दुसऱ्याने खिडकीतून विचारलं, गल्ली कोणती? सांगितल्यावर खिडकी लावली. तिसरीकडे आधी तपासणीचा अहवाल आणा म्हणाले. तपासणी झाली नव्हती, कारण रकान्यात ‘नाही’ होतं. सहरीच्या आधी तो घरीच गेला. जनाज्याला मोजकी माणसं. त्या महिन्यात मोठ्या कब्रस्तानात रोज इतकी मयत येत होती की कबरी खोदणाऱ्यांनी बाहेरून माणसं बोलावली. त्यातले किती जण कोरोनाने गेले आणि किती जण साखर, हृदय, दमा यांनी, दवाखाने बंद असल्यामुळे, ते कोणी वेगळं काढू शकणार नाही. चाचाचंही नाही.

मी लिहिलं असतं तर तो वाचला असता का? मला माहीत नाही. तेव्हा आत नेलेल्यांपैकीही गेले, आणि बरे होऊन हार घालून आलेलेही पाहिले. पण ते ‘नाही’ माझ्या अक्षरात आहे.

दुसऱ्या फेरीपासून मी लिहायला लागले. लिहिण्याआधी बसून बोलायचं ठरवलं. रजिस्टर पिशवीत ठेवायचं, नाव विचारायचं नाही, नावं मला ठाऊकच होती. आत कुठे ठेवतात, जेवण काय, फोन ठेवू देतात का, हे आधी मी स्वतः चौकशी करून आले. ज्या घरातून बाई न्यायची, तिच्याबरोबर गाडीपर्यंत जायचं. गल्लीतला एक जुना हकीम आणि आशाताई बरोबर असल्या की दार पूर्ण उघडायचं. शहरभर असं हळूहळू अनेकांनी केलं. डॉक्टरांनी दवाखाने उघडले, युनानीवाल्यांचा मन्सुरा काढा घरोघर गेला. त्या काढ्याने किती बरे झाले यावर वाद घालता येईल. पण काढा घ्यायला माणूस दार उघडत होता आणि दार उघडल्यावर बाकीचं बोलता येत होतं. जूनपर्यंत शहरातली साथ उतरली आणि वर्तमानपत्रांनी शिस्त न पाळणाऱ्या मालेगावचं नाव बदलून ‘मालेगाव पॅटर्न’ केलं.

त्या दिवसांत मुंबई-आग्रा रस्त्यावरून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसांची रांग तुटत नव्हती. पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर. आमच्या गल्लीतल्या पोरांनी रोजा ठेवून दुपारी त्यांना पाणी आणि खिचडी वाटली. त्यातले काही आझमगड, मऊकडचे होते. आमचे पणजोबा ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलटे.

अम्मीचा त्या वर्षी हजचा नंबर लागला होता. पैसे परत आले. सौदीने त्या वर्षी देशात राहणाऱ्या हजारेक लोकांनाच हज करू दिला. मी तिला सांगितलं की फेब्रुवारी १८९७ मध्येही प्लेगमुळे मुंबईहून हजला जाणं सरकारने बंद केलं होतं. तिला त्याने बरं वाटेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

२५ मेला ईद झाली. नवे कपडे कोणाचेच नव्हते. चाची इद्दतीत होती. बाकी शहर सुटलं, लूम पुन्हा खडखडायला लागले, तरी तिचं घरात राहणं चालूच होतं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायची. रकान्याबद्दल मी तिला जुलैमध्ये सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मैंने ही तो कहा था, पुराना दमा है.’ आणि चहा ठेवायला उठली.

सप्टेंबरच्या मध्यावर राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. पुन्हा रजिस्टर, पुन्हा आम्ही. या वेळी बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही होतं. चाचीची इद्दत आठवड्यापूर्वीच संपली होती. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला पाहून तिने ओढणीला हात पुसले आणि बोट पुढे केलं.

‘लिख बेटा. साखर है, वो भी लिख. घुटने का मत लिखना, उसका रकाना नहीं होगा.’

ऑक्सिजन ९७. मी लिहिलं.